दुसऱ्या पिढीचा हिशेब

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून एक वाण शेतकऱ्यांच्या हाती गेला. त्याचे नाव संकर-४. महाराष्ट्रात तो ‘एच-४’ म्हणून ओळखला गेला. व्यापारी लागवडीसाठी बाहेर पडलेला हा जगातला पहिला संकरित कापूस, आणि तो घडवणारे होते डॉ. चंद्रकांत पटेल. मक्याचा संकर अमेरिकेत कित्येक वर्षे आधीच रुजला होता. कापसाचा मात्र कोणाला परवडत नव्हता. संकरातून जोमदार झाड मिळते हे सगळ्यांना ठाऊक होते. अडचण होती ती लाखो फुलांचा संकर करायचा कसा आणि कोणी, ही. सुरतने त्याचे उत्तर दिले: हाताने, एकेक फूल धरून.

त्या वेळचे सुरत आजच्यासारखे हिरे-साड्यांचे शहर म्हणून मिरवत नव्हते, कापसाच्या पट्ट्याचे केंद्र होते. तापीच्या दोन्ही अंगांना, भरूचपर्यंत, काळ्या जमिनीत देशी कापूस होई. या संशोधन केंद्राच्या अठवा फार्मवर कापसाचे काम विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालले होते. गुजरात वेगळे होईपर्यंत हे सगळे मुंबई राज्यातच होते. आज हे केंद्र नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे आणि शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढले आहे. आनुवंशिकतेचे नियम शिकायला वाटाण्याऐवजी संकर-४ घ्यावा असे मला मनापासून वाटते. वाटाण्याचा मेंडेल आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. पण ज्याच्या घरात कधी सरकी पेरली गेली, त्याला या कापसाचे गणित थेट भिडते.

संकर-४ ची आई गुजरात-६७ हा वाण, आणि बाप ‘अमेरिकन नेक्टॅरिलेस’. दोघेही अमेरिकी कापसाच्या जातीतले, ज्याला शास्त्रात गॉसिपियम हिर्सुटम म्हणतात. बापाचे नाव थोडे विचित्र आहे, पण त्याच्या नावातच आपल्या कामाचे लक्षण आहे. कापसाचे पान उलटे करून पाहा. देठाजवळ, मधल्या शिरेवर एक बारीक खळगी दिसते. हीच मधुग्रंथी. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या, ढेकूण, पतंग त्यावर येतात. बोंडाला वेढणाऱ्या हिरव्या पाकोळ्यांच्या बाहेरही अशाच ग्रंथी असतात. नेक्टॅरिलेस म्हणजे या बाहेरच्या ग्रंथी नसलेला वाण. फुलाच्या आतला मध त्यालाही असतो. हे लक्षण मुळात हवाई बेटांवरच्या गॉसिपियम टोमेंटोसम या रानटी कापसातून अमेरिकेतल्या संशोधकांनी लागवडीच्या कापसात आणले. किडीला फुकटचे गोड खाणे मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

आता प्रश्न असा की ग्रंथी असलेली आई आणि ग्रंथी नसलेला बाप यांच्या लेकरांना ग्रंथी असेल का?

ग्रेगोर मेंडेल या ब्रनोच्या मठातल्या साधूने वाटाण्यावर जे शोधले आणि १८६६ साली छापले, ते थोडक्यात असे. प्रत्येक गुणासाठी झाडात जनुकांची जोडी असते, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. परागकण किंवा बीजांड तयार होताना ही जोडी फुटते आणि प्रत्येकात एकच जनुक जाते. कोणते जाईल ते नाणे उडवल्यासारखे. दोन वेगळी जनुके एकत्र आली की त्यातले एक आपले लक्षण दाखवते, ते प्रभावी. दुसरे गप्प राहते, ते अप्रभावी. गप्प राहते म्हणजे नष्ट होत नाही, पुढच्या पिढीत ते जसेच्या तसे बाहेर येते. मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत मोजलेले आकडे आहेत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळपास तीनास एक. त्याच्या आधीही लोकांनी संकर केले होते, पण अशा रीतीने, पिढी वेगळी ठेवून, मोजले नव्हते. त्याची कदर व्हायला १९०० साल उजाडले.

कापसाच्या मधुग्रंथीचे प्रकरण मात्र वाटाण्याहून एक पायरी पुढचे आहे. अमेरिकी कापूस हा दोन प्राचीन कापसांच्या मिलनातून झालेला आहे. त्याच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असतात, आपल्या देशी कापसात २६. दोन घराण्यांचा वारसा एकाच झाडात असल्याने पुष्कळ गुणांची जनुके दोनदा येतात, दोन वेगवेगळ्या जागी. मधुग्रंथीही तशीच. दोन जागांपैकी एका ठिकाणी जरी प्रभावी जनुक असले तरी ग्रंथी येते. ग्रंथी नसण्यासाठी दोन्ही जागांवरची चारही जनुके अप्रभावी असावी लागतात.

पहिल्या जागेच्या जनुकाला म म्हणू, ग्रंथी देणारे. त्याचे अप्रभावी रूप न. दुसऱ्या जागेसाठीही तसेच. साधारण वाणात दोन्ही जागी मम, नेक्टॅरिलेसमध्ये दोन्ही जागी नन. संकराच्या पहिल्या पिढीला दोन्ही जागी एक म आणि एक न मिळते, म्हणून सगळ्या झाडांना ग्रंथी येते. शंभर झाडे लावा की लाख, सगळ्यांना. कापसाच्या शेतातले सगळ्यात सोपे भाकीत हेच, आणि ते झाड उगवण्याआधीच करता येते.

दुसरी पिढी मात्र मजेशीर आहे. पहिल्या पिढीच्या झाडाचे परागकण चार प्रकारचे असतात: दोन्ही जागी म, पहिलीत म आणि दुसरीत न, पहिलीत न आणि दुसरीत म, दोन्ही न. बीजांडेही तशीच चार. कागदावर चार ओळी आणि चार रकाने आखा. सोळा चौकटी होतात. हाच तो पुनेटचा चौकोन, केंब्रिजच्या पुनेटच्या नावाने ओळखला जाणारा. सोळापैकी फक्त एका चौकटीत चारही न एकत्र येतात. म्हणून स्वपरागित दुसऱ्या पिढीत पंधरा झाडांना ग्रंथी आणि एकाला नाही. प्रमाण १५ : १.

पंधरा सारखी दिसली म्हणून सारखी नसतात. त्यातली सात कधीच ग्रंथीहीन पिल्ले देणार नाहीत, कारण एका जागी तरी त्यांच्यात मम आहे. चार पुन्हा १५ : १ देतील. उरलेली चार ३ : १ देतील, कारण त्यांची एक जागा अगोदरच नन झालेली असते. वरून पाहून यातले कोणते कुठले ते कळत नाही. कळते ते त्यांची सरकी वेगवेगळी पेरून, पुढच्या वर्षी पाने उलटून. कापूस पैदासकाराचा बहुतेक वेळ असाच जातो. कागदावर एका दुपारी मांडलेल्या चौकोनाची शहानिशा करायला जमिनीला एक हंगाम लागतो.

आणि भाकीत हे झाडाचे नसते, समूहाचे असते. अमुक झाड ग्रंथीहीन असेल असे कोणी सांगू शकत नाही. १६० झाडे लावली तर सरासरी दहा ग्रंथीहीन निघावीत, पण चार निघाली किंवा सोळा निघाली तरी नियम मोडला असे नाही. उलट अर्थानेही हिशेब मांडता येतो. दुसऱ्या पिढीत निदान एक तरी ग्रंथीहीन झाड हवे, आणि ते मिळण्याची खात्री शंभरात पंच्याण्णव असायला हवी, तर किती झाडे लावायची? ग्रंथी असण्याची शक्यता पंधरा सोळांश. ती ४७ वेळा स्वतःशी गुणली की शंभरात पाचच्या खाली येते. म्हणून ४७ झाडे. ९९ टक्के खात्री हवी तर ७२. वीस झाडे लावून ‘नाहीच निघाले’ म्हणून प्रयोग सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आधी सांगायला हवे.

याच गणिताचा एक उपयोग शेतकऱ्याच्या कामाचा आहे. समजा कोणी संकर-४ च्या शेतातली सरकी साठवून पुढच्या वर्षी ‘अस्सल संकर’ म्हणून विकली. खऱ्या पहिल्या पिढीत ग्रंथीहीन झाड असायला नको. साठवलेल्या सरकीत सुमारे सोळात एक निघेल. शेतात शंभर-दोनशे झाडांची पाने उलटली तर फसवणूक उघडी पडते. हे लक्षण दुसऱ्या एका भेसळीपुढे मात्र मुके आहे. संकर करताना मादी फुलाचे पराग नीट काढले गेले नाहीत तर ती स्वतःच्याच परागाने फळते, आणि पोत्यात गुजरात-६७ ची शुद्ध सरकी मिसळते. तिलाही ग्रंथी असते, खऱ्या संकरालाही असते, मग ओळखायचे कसे? उलट केले असते, ग्रंथीहीन वाण आई म्हणून घेतला असता, तर प्रत्येक ग्रंथीहीन रोप ही भेसळ ठरली असती. अप्रभावी खूण आईकडे ठेवावी, हा धडा पिकांच्या संकरात सगळीकडे लागू पडतो.

सगळेच गुण असे होय-नाही बोलत नाहीत. अमेरिकी कापसात एक भेंडीसारख्या चिरलेल्या पानांचा प्रकार आहे. त्याचा रुंद पानाच्या झाडाशी संकर केला तर पहिल्या पिढीचे पान ना चिरलेले ना रुंद, मधलेच. दुसऱ्या पिढीत एक चिरलेले, दोन मधली, एक रुंद. इथे नजरच जनुके मोजते. ‘मधले’ दिसले की त्याच्यात दोन्ही आहेत हे कळते, चाचणी पेरणीची गरज राहत नाही. देशी कापसाच्या फुलाचा पिवळा रंग पांढऱ्यावर प्रभावी आहे, असे कानपूरच्या मार्टिन लीक यांच्या १९११ च्या अभ्यासात आले होते. मेंडेलचे काम पुन्हा उजेडात आल्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती, आणि गंगाकाठच्या कापसावर कोणी ते तपासून पाहत होते, हे मला विशेष वाटते. सुरतच्या काळ्या जमिनीतल्या देशी कापसाचा मात्र अमेरिकी कापसाशी सरळ संकर साधत नाही. २६ आणि ५२ यांच्या लेकरांना ३९ गुणसूत्रे मिळतात, जोड्या जमत नाहीत आणि ते झाड वांझ राहते. मेंडेलचे गणित जुळलेल्या जोड्यांचे आहे, न जुळणाऱ्या घरात ते चालत नाही.

आता ज्या कारणासाठी हा खटाटोप झाला, ते उत्पन्न. इथे मेंडेलचा चौकोन पुरा पडत नाही. एका झाडाला किती बोंडे लागतील, बोंड केवढे होईल, रुईचा उतारा किती पडेल, धागा किती लांब निघेल हे एक-दोन जनुके ठरवत नाहीत. पुष्कळ जनुके थोडा थोडा वाटा उचलतात, पाऊस आणि जमीनही त्यात हात घालतात. दोन भिन्न वाणांच्या संकरात पहिली पिढी पुष्कळदा दोघांहूनही सरस निघते, या जोमाला संकरओज म्हणतात. त्याचे सगळे रहस्य अजून उलगडलेले नाही. एवढे नक्की की वेगवेगळ्या जनुकांच्या जोड्या, म-न सारख्या, जितक्या जास्त, तितका हा जोम. आणि पहिल्या पिढीत आई-बापांत भिन्न असलेल्या सगळ्याच जागा म-न असतात.

मग दुसऱ्या पिढीत काय होईल? प्रत्येक जागेसाठी म-न मधून निम्मी म-न, उरलेली मम किंवा नन. संकरओज जेवढे या जोड्यांवर अवलंबून, तेवढे अर्धे गळते. तिसऱ्या पिढीत पाव. म्हणून संकरित कापसाची सरकी साठवून पेरली की पहिल्या वर्षीचे उत्पन्न दुसऱ्या वर्षी येत नाही, आणि शेत एकसारखे दिसतही नाही: एक झाड उंच, शेजारचे बुटके, कुठे बोंडे आधी फुटलेली, कुठे उशिरा. हा कोणाचा कट नाही, चौकटींचा हिशेब आहे. पण त्याचा परिणाम मोठा झाला. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाची सरकी शेतकरी वर्षानुवर्षे घरी ठेवत आला होता. संकराने ती घरातून बाजारात नेली.

आणि बाजारातली ती सरकी बनते कशी? सायंकाळी, उद्या उमलणारे पाते शोधायचे. बोटाच्या नखाने पाकळ्यांसकट परागांची नळी सोलून काढायची, आतली कुक्षी न दुखवता. खुणेसाठी त्यावर रंगीत कागदाचा तुकडा लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाचे ताजे फूल तोडून कुक्षीवर घासायचे आणि देठाला दोरा बांधायचा, म्हणजे वेचणीत हे बोंड वेगळे ओळखता येते. अमेरिकी कापसाचे फूल सकाळी पांढरट असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, म्हणजे वेळ एका सकाळपुरताच. एका बोंडात पंचवीस सरक्या आणि शंभर सरक्यांचे वजन नऊ ग्रॅम धरले तर ४५० ग्रॅमच्या पाकिटासाठी निदान दोनशे फुले अशी हाताळावी लागतात. हे काम बायकांच्या आणि कोवळ्या मुलामुलींच्या बोटांवर उभे राहिले. उत्तर गुजरातेतल्या बीजोत्पादनाच्या शेतांवर आदिवासी मुलांना जुंपल्याच्या नोंदी झाल्या आहेत. संकर-४ च्या यशात हा भागही मोजला पाहिजे.

सुरतच्या या कामानंतर दोनच वर्षांत, १९७२ मध्ये, धारवाडचे कटारकी यांनी वरलक्ष्मी हा अमेरिकी आणि बार्बाडेन्स या दोन जातींमधला संकर दिला. महाराष्ट्रातून नांदेड-४४ आला आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतात घरोघरी पोचला. 

२००२ मध्ये बीटी कापूस आला, तोही भारतात संकरित वाणांच्याच रूपात. मेंडेलचा चौकोन इथे पुन्हा हवा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातलेले, ज्यामुळे झाडात बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. बहुतेक देशांत हे जनुक सरळ वाणांत असते, दोन्ही बाजूंनी, म्हणून प्रत्येक सरकीत असते. आपल्याकडे आई-बापांपैकी बीटी जनुक एकाकडूनच आले असेल, तर संकरित झाडाला त्याची एकच प्रत मिळते. झाडाच्या पानात, बोंडाच्या सालीत प्रथिन असते, कारण एक प्रतही पुरते. पण बोंडातली सरकी ही दुसरी पिढी. तिथे हिशेब ३ : १. एका बोंडात बत्तीस सरक्या असल्या तर सरासरी आठ बिनविषाच्या.

२००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. दोन्ही वेगवेगळ्या जागी, म्हणून सोळा चौकटी. बत्तीस सरक्यांत अठरांमध्ये दोन्ही विषे, सहांमध्ये पहिले, सहांमध्ये दुसरे, आणि दोनमध्ये कोणतेच नाही. आता गुलाबी बोंडअळी काय करते ते पाहा. ती पाने खात बसत नाही, ती बोंडात शिरते आणि सरकी खाते. एका सरकीतून दुसरीत जाते. म्हणजे एकाच बोंडात तिच्यासमोर सगळ्या मात्रांचे खाद्य मांडलेले असते. जी अळी थोडेसे विष पचवू शकते तिला जगण्याची संधी मिळते, आणि तिची संतती पुढच्या हंगामात आणखी थोडे जास्त पचवते. पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला दाद न देणारी गुलाबी अळी प्रथम गुजरातेत, अमरेलीसारख्या सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांत आढळली, हे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने विदर्भ-मराठवाड्यात थैमान घातले आणि बोंडे फोडून पाहणाऱ्यांच्या हाती किडकी सरकी आली.

याला एकटा संकर जबाबदार नाही. आपले संकरित वाण जास्त दिवसांचे, हिवाळ्यापर्यंत शेतात उभे राहणारे. त्यामुळे अळीला पिढ्यांमागून पिढ्या वाढायला वेळ मिळतो. अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून बिगर-बीटीच्या आश्रय-ओळी लावायच्या असत, पाकिटासोबत त्यांचे १२० ग्रॅम बियाणेही दिले जाई, पण ते पुष्कळांनी पेरलेच नाही. तरी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी बोंडातल्या या मिसळीकडे बोट दाखवले, आणि त्यात एका वहीच्या पानावर मांडता येणाऱ्या गणितापलीकडे काही नाही. शाळेत शिकवतो तो चौकोन कोणी धोरण आखताना मांडून पाहिला असता तर २००२ सालीच हे दिसले असते.

सरळ वाणात, जिथे जनुक दोन्हीकडून येते, बोंडातल्या बत्तीसही सरक्यांत विष सारखे असते आणि शेतकरी तीच सरकी ठेवून पुढे पेरू शकतो. कमी दिवसांचा, दाट लागवडीचा, लवकर मोकळा होणारा सरळ वाण जर बरा भरला, तर तो संकर-४ चा थोडा जोम सोडून दुसऱ्या पिढीचा हा सगळा तोटा वाचवतो. अशा वाणांचे बियाणे मुबलक आणि शुद्ध पुरवणे हे काम आज सुरतसारख्या सार्वजनिक संशोधन केंद्रांचे आहे, कारण एकदा घेऊन घरी ठेवता येईल असे बियाणे विकण्यात खाजगी कंपनीला फारसे स्वारस्य नसते.